फ्लाइट नर्स

हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवल्या जाणाऱ्या अत्यवस्थ रुग्णाची वाटेत काळजी घेणारी प्रशिक्षित परिचारिका किंवा परिचारक म्हणजे फ्लाइट नर्स. या नोंदीत मुख्यतः अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर सेवेचा विचार केला आहे. म्युनिकमध्ये १९७० साली सुरू झालेल्या ‘क्रिस्टॉफ १’ या बचाव हेलिकॉप्टरपासून जर्मनीत हेलिकॉप्टरमध्ये डॉक्टर असतोच. अमेरिकेत मात्र बहुधा एक नर्स आणि एक पॅरामेडिक (आणीबाणीच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला, डॉक्टर नसलेला कर्मचारी), एवढेच दोघे. डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेल्या लेखी आदेशांच्या चौकटीत निर्णय या दोघांनीच घ्यायचे.

पेशाची सुरुवात युद्धात झाली. केंटकी राज्यातील बोमन फील्ड येथून अमेरिकी लष्कराच्या फ्लाइट नर्सची पहिली तुकडी फेब्रुवारी १९४३ मध्ये बाहेर पडली. जखमींना आणणारी त्यांची विमाने जाताना सैनिक आणि दारूगोळा नेत, त्यामुळे त्यांवर रेड क्रॉसचे चिन्ह लावता येत नसे. कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टर आले, पण स्ट्रेचर बाहेरच्या बाजूला बांधलेले असे. उडताना रुग्णाला हात लावणेही शक्य नव्हते. व्हिएतनाममधील मोठ्या ‘ह्युई’ हेलिकॉप्टरांत उपचार आत सुरू झाले. मग १९७२ मध्ये डेन्व्हरच्या सेंट अँथनी रुग्णालयाने ‘फ्लाइट फॉर लाइफ’ ही रुग्णालयाशी जोडलेली नागरी सेवा सुरू केली.

नर्सिंगची पदवी घेऊन थेट इथे येता येत नाही. सहसा अतिदक्षता विभागात किंवा अपघात विभागात तीन ते पाच वर्षे काढावी लागतात. हृदयविकार, बालरुग्ण, नवजात अर्भके, अपघातग्रस्त अशा प्रत्येकासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते. सीएफआरएन (सर्टिफाइड फ्लाइट रजिस्टर्ड नर्स) ही फ्लाइट नर्ससाठीची खास परीक्षा १९९३ पासून आहे. श्वासनलिकेत नळी घालणे, ती जात नसेल तर गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग करणे, छातीत साठलेली हवा सुईने काढणे ही रुग्णालयात एरवी डॉक्टरांकडे असलेली कामेही शिकावी लागतात. समुद्रावरून उडणाऱ्यांना पाण्यात उलट्या बुडवलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून पट्टा सोडून बाहेर पडण्याचा सराव करवतात.

तरी खरी परीक्षा आवाजाची. इंजिनाच्या घरघरीत स्टेथोस्कोप जवळजवळ निरुपयोगी ठरतो. छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलली जाते का, त्वचेचा रंग कसा आहे, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख काय सांगतो, यावर भिस्त ठेवावी लागते. जागा इतकी अपुरी की नळी घालायची असेल तर ती शक्यतो जमिनीवरच घालून निघतात. उंचीवर हवेचा दाब घटतो आणि बंद जागेतला वायू फुगतो. छातीत अडकलेली थोडी हवा कोलोरॅडोच्या डोंगरांवरून जाताना जिवावर बेतू शकते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीभोवतीच्या फुग्याचा दाबही पुन्हा तपासावा लागतो.

अपघातस्थळी झेप घेणारे हेलिकॉप्टर सर्वांच्या डोळ्यांपुढे असते, पण बरेचसे काम एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेण्याचे असते. व्हेंटिलेटर, चालू असलेली औषधे, पंप हे सारे आपल्या यंत्रांवर घेण्यात उड्डाणाइतका वेळ जाऊ शकतो.

हे काम धोक्याचे आहे. २००८ साली अमेरिकेत या सेवेचे इतके जीवघेणे अपघात झाले की पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर जाहीर सुनावणी झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. काही शिस्त या क्षेत्राने स्वतःच लावून घेतली आहे. वैमानिक, नर्स, पॅरामेडिक यांपैकी एकानेही ‘नको’ म्हटले की उड्डाण रद्द. हवामान पाहून वैमानिकाने होकार देईपर्यंत रुग्ण कोण, वय काय, हे अनेक ठिकाणी त्याला सांगतच नाहीत. लहान मूल आहे म्हटले की धुकेही विरळ वाटू लागते.

भारतात ऋषिकेशच्या एम्सची ‘संजीवनी’ हेलिकॉप्टर सेवा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. मे २०२५ मध्ये केदारनाथला रुग्णाला आणायला गेले असता उतरताना हेलिकॉप्टरच्या शेपटीकडचा भाग मोडला. आतील सर्वजण सुखरूप राहिले.