बायपोलर की एडीएचडी? घोळ एका ‘किंवा’चा

अमेरिकन मानसोपचार संघटनेची डीएसएम-३ ही नियमावली १९८० साली आली. उन्मादात, म्हणजे मेनियात, मनःस्थिती कशी असते याचं तिथलं वर्णन साधारण असं: अतिउल्हसित, बेफाम किंवा चिडचिडी. म्हणजे उल्हास नसला, नुसती चिडचिड असली, तरी मनःस्थितीची अट पुरी होते. लहान मुलांच्या निदानाचा पुढचा घोळ बराचसा या ‘किंवा’मुळे झाला, असं माझं मत आहे.

त्याआधी प्रश्न फारसा पडतच नसे. बायपोलर, म्हणजे उन्माद नि नैराश्याचे झटके येणारा विकार, हा मोठ्यांचा आजार, असंच धरून चालत. जुन्या काळचा जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याच्या रुग्णांत दहा वर्षांच्या आत आजार सुरू झालेले अर्धा टक्काही नव्हते. चळवळ्या, लक्ष न टिकणाऱ्या मुलांची, म्हणजे आजच्या भाषेत एडीएचडीची, वाट वेगळी होती. १९३७ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलीने मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं, तेही डोकेदुखीवर! डोकेदुखी फारशी हटली नाही, पण काही मुलं अभ्यासाला नीट बसू लागली. मुलांनीच त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असं नाव पाडलं.

या दोन वाटा १९९५ मध्ये बोस्टनमध्ये एकमेकींना भिडल्या. जॅनेट वोझनियाक आणि जोसेफ बीडरमन या मानसोपचारतज्ज्ञांच्या गटाने उपचारांसाठी आलेली २६२ मुलं तपासली. १६ टक्के मुलांत त्यांना मेनिया दिसला आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांना एडीएचडीही होता. बहुतेकांची मुख्य तक्रार होती भयंकर चिडचिड, तीही बारमाही.

सेंट लुईसच्या मानसोपचारतज्ज्ञ बार्बरा गेलर यांना हे पटत नव्हतं. बडबड, चुळबुळ, लक्ष उडणं दोन्हीकडे असतंच. मग चिडचिडीवर भिस्त कशी ठेवायची? त्यांनी भर दिला अवास्तव आनंदावर आणि मोठेपणाच्या कल्पनांवर. झोपही बोलकी असते. एडीएचडीचं मूल रात्री लवकर झोपत नाही, पण सकाळी उठवता उठत नाही. मेनियातलं मूल चार तास झोपून ताजंतवानं उठतं. शिवाय एडीएचडी लहानपणापासून सतत असतो, तर मेनियाचे झटके येतात नि जातात.

पण हवा बोस्टनची होती. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात अमेरिकेत डॉक्टरांकडच्या भेटींत मुलांना बायपोलर ठरवण्याचं प्रमाण सुमारे चाळीसपट झालं. २००८ मध्ये बीडरमन यांना औषध कंपन्यांकडून मिळालेले पैसे सिनेटच्या चौकशीत उघड झाले. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००६ मध्येच लहान मुलांत निव्वळ चिडचिडीवर हे निदान करू नका, असं बजावलं होतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर बायपोलर असलेल्या मुलांत एडीएचडी अगदी थोड्यांनाच आढळला.

अमेरिकन संशोधक एलेन लायबनलुफ्ट यांच्या गटाने सदा चिडणाऱ्या मुलांचा पाठपुरावा केला. मोठेपणी त्यांच्यात बायपोलरपेक्षा नैराश्य नि चिंताविकारच जास्त दिसले. म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये त्यांच्यासाठी डीएमडीडी, म्हणजे सततची चिडचिड नि रागाचे उद्रेक, हे नवं निदान आलं. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र आयसीडी-११ या आपल्या आजारांच्या यादीत ते घेतलं नाही. ही चिडचिड तिथे विरोधी वर्तनाच्या विकाराखाली नोंदवतात.