बाटलीवरचे दहा टक्के : व्हिटॅमिन सी सीरमची पार्श्वभूमी

खलाशांचा स्कर्व्ही, संत्री-लिंबं आणि १९३७चं नोबेल हा भाग शाळेत होऊन गेला आहे, तो सोडून देऊ. चेहऱ्याला लावायच्या व्हिटॅमिन सीची गोष्ट खरी सुरू होते १९९२मध्ये, अमेरिकेत. डुकराच्या कातडीवर ते लावून मग अतिनील किरण सोडले तर इजा कमी होते, असा शोधनिबंध त्या वर्षी आला. त्याच वर्षी अॅस्कॉर्बिक आम्लाच्या, म्हणजे मूळ व्हिटॅमिन सीच्याच, टिकाऊ द्रावणाला पेटंटही मिळालं. त्यातली कळीची अट अशी की पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं द्रावण आंबट) साधारण ३.५च्या वर जाता कामा नये.

पुढे हा ३.५ वेदवाक्यच झाला. त्यामागे रसायनशास्त्र आहेच. पीएच ४.२च्या आसपास या आम्लाचे निम्मे रेणू विद्युतभारित असतात, आणि भारित रेणूंना त्वचेचा वरचा तेलकट थर सहज आत घेत नाही. २००१मध्ये पुन्हा डुकराच्याच कातडीवर मोजणी झाली. ३.५च्या खाली शोषण नीट होतं, प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे नेऊन फायदा नाही, आणि त्वचेत मुरलेला साठा निम्मा व्हायला चारेक दिवस लागतात, असं दिसलं. व्हिटॅमिन सीची काही सौम्य रूपं मात्र त्याच चाचणीत नापास झाली. पेटंट घेणारे आणि मोजणारे काही अंशी तेच होते, हे सीरम विकणारे सहसा सांगत नाहीत.

खरा गुंता या 'रूपां'चाच. जपानने दुसरी वाट धरली होती. द्रावण आंबट करण्याऐवजी रेणूलाच फॉस्फेट किंवा ग्लुकोज जोडायचं, म्हणजे तो हवेत खराब होत नाही. त्वचेत गेल्यावर जोडलेला तुकडा सुटावा, ही अपेक्षा. पण बाटलीवर या सगळ्यांचं नाव एकच, 'व्हिटॅमिन सी'. ग्लुकोज जोडलेलं रूप १० टक्के घातलं तर वजनाच्या हिशेबाने त्यात मूळ व्हिटॅमिन जेमतेम ५.२ टक्के भरतं. तेलात विरघळणाऱ्या एका महागड्या रूपात तर १० टक्क्यांमागे दीडच टक्का. माझ्या मते हा आकडा पुढच्या लेबलावर छापायला लावायला हवा. (आणि लिंबू चोळणाऱ्यांसाठी : लिंबात व्हिटॅमिन सी ०.०५ टक्क्याच्या आसपास असतं, चुरचुरतं ते सायट्रिक आम्ल.)

२००५मध्ये १५ टक्के सी आणि १ टक्का ई यांच्या जोडीला अर्धा टक्का फेरुलिक आम्ल (वनस्पतींत सापडणारं) आलं. उन्हापासूनचं संरक्षण चारपटीवरून आठपटीवर गेल्याचा दावा झाला. २००७मध्ये त्यावर पेटंट, २०१८मध्ये एका प्रतिस्पर्ध्यावर खटला आणि २०२५मध्ये पेटंटची मुदत संपली.

मूळ आम्लाची खोड मात्र गेलेली नाही. माझी पहिली बाटली एप्रिलमध्ये न्हाणीघराच्या फळीवर होती. पाण्यासारखं सीरम महिनाभरात चहाच्या रंगाचं झालं, आणि उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर त्याचे पिवळट डाग अजून आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त बाटल्यांत म्हणूनच उन्हाळा सोसणारं, इथाइल नावाचा तुकडा जोडलेलं रूप असतं. दहा टक्क्यांत मूळ व्हिटॅमिन ८.६ भरतं. पुढे ठळक अक्षरांत 'व्हिटॅमिन सी १०%', आणि 'इथाइल' हा शब्द मागच्या बाजूला, घटकांच्या बारीक टायपात.