कोपराच्या खळग्यात: शीर की वरून गेलेली धमनी?

दंडाला रबरी पट्टा आवळला की कोपराच्या खळग्यात जे टच्च फुगून येतं, ती शीरच असणार असं आपण धरून चालतो. बहुतेकदा ते बरोबरही असतं. दंडातून उतरणारी ब्रेकियल धमनी त्या खळग्यात दुभंगते: अंगठ्याकडे रेडियल, करंगळीकडे अल्नर. अल्नर लगेच स्नायूंखाली शिरते. वरची शीर आणि खालची धमनी यांच्यामध्ये बायसेप्सचा (दंडाच्या पुढच्या स्नायूचा) एक पातळ, चिवट पडदा असतो. रोग्याची शीर कापून रक्त काढण्याच्या काळात या पडद्याने इतक्या धमन्या वाचवल्या की फ्रेंचांनी त्याला देवाच्या कृपेचं नाव दिलं. जुन्या गोव्याच्या पोर्तुगीज काळातल्या रॉयल हॉस्पिटलातही तापावर रक्त काढणं हा नेहमीचाच उपाय, तेव्हा तिथेही तो कामी आलाच असेल.

शंभरातल्या काही मोजक्या हातांत मात्र अल्नर धमनी वरच, दंडात किंवा काखेतच, वेगळी होते आणि स्नायूंवरून, कधी त्या पडद्यावरूनही, कातडीलगत खाली येते. गर्भावस्थेतली वरवरची वाट विरून न जाता तशीच राहते, एवढंच. हा काही आजार नव्हे. बऱ्याचदा ती एकाच हाताला असते, त्यामुळे दुसरा हात चाचपून काही कळत नाही. सत्तरीतल्या एखाद्या सडपातळ बागायतदाराच्या हातावर ती नागमोडी उडताना नुसत्या डोळ्यांनीही दिसेल. गुबगुबीत हातावर मात्र बोटांनीच शोधावी लागते.

शीर दाबली की रिकामी होते, हात वर धरला की बसते. धमनी ठोके देते. पण हे ठोके पट्टा बांधण्याआधी बघायचे. पट्टा फार आवळला तर धमनीचेही ठोके थांबतात, आणि मग बोटाखाली दोघी सारख्याच लागतात. घाईच्या ओपीडीत नेमकी हीच पायरी गाळली जाते. रक्ताच्या रंगावर तर मुळीच विसंबू नये: लालभडक, उसळत येणारं रक्त धमनीचं हे खरं, पण रक्तदाब उतरलेल्या किंवा धाप लागलेल्या रोग्यात धमनीचं रक्तही काळपट आणि संथ येतं.

चाचणीपुरतं रक्त धमनीतून निघालं तर जागा नीट दाबून धरली की सहसा निभावतं. औषधाचं तसं नाही. शिरेतलं औषध हृदयाकडे जाता जाता पातळ होतं. धमनीतलं जवळजवळ तसंच्या तसं बोटांत उतरतं. थायोपेंटोन (भुलीचं औषध) किंवा फेनरगन (ॲलर्जी-उलटीवरचं औषध) असेल तर रक्तवाहिनी आकसते, रक्त गोठतं, बोटं काळी पडून कापावी लागू शकतात. सुई टोचलेल्या जागेपासून पंजाकडे आग धावली, बोटं पांढरी पडली, तर औषध तिथल्या तिथे थांबवायचं. कॅन्युला, म्हणजे आत बसवलेली नळी, मात्र घाबरून उपसायची नाही; रक्तवाहिनी सैल करणारं औषध डॉक्टरांना त्याच वाटेने देता येतं.