ल्यूथरच्या चाली गुत्त्यातल्या नव्हेत

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून चर्चमध्ये आणल्या, ही गोष्ट उपासनेत नवं संगीत आणू पाहणारे हमखास सांगतात. ती खरी नाही. घोळ बहुधा ‘बार’ या शब्दाने झाला. जर्मन संगीतात ‘बार’ ही कडव्याची रचना आहे: एक चाल दोनदा, मग वेगळी. त्यात प्यायचं काही नाही! त्याच्या एका नाताळगीताला लोकगीताची चाल होती खरी, पण १५३९ मध्ये तीही बदलली गेली.

चालींपेक्षा पाहायचे ते गाण्यांचे शब्द. १५२४ च्या पहिल्या ल्यूथरन गीतसंग्रहात आठच गाणी. त्यांतली चार ल्यूथरची. तारण, म्हणजे पापातून मुक्ती, कर्मांनी नव्हे, देवाच्या कृपेने मिळतं, हे त्यांत स्पष्ट येतं. आणि तेही लॅटिनऐवजी जर्मनमध्ये, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही पाठ होईल असं.