टायमरचा वापर (एडीएचडी)

एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, असलेल्या व्यक्तींनी काम सुरू करण्यासाठी, त्यात टिकण्यासाठी आणि त्यातून वेळेत बाहेर पडण्यासाठी टायमर लावण्याची पद्धत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात या स्थितीचे मूळ स्वतःला आवरण्याच्या क्षमतेच्या उणिवेत शोधले आणि वेळेचे भान त्याच्याशी जोडले. किती वेळ गेला, किती उरला, याचा अंदाज अशा व्यक्तींना आतून नीट येत नाही. म्हणून वेळ डोळ्यांना दिसेल किंवा कानांवर पडेल अशा रूपात बाहेर मांडायची, हे या पद्धतीचे सूत्र. ‘आळशी आहे’, ‘वेळेची किंमत नाही’ हे घरोघरी ऐकू येणारे शेरे या ठिकाणी गैरलागू ठरतात.

सर्वांत परिचित प्रकार पोमोडोरो. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील टायमरवरून तो बेतला: २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यात सोडत ते घटिकापात्रही २४ मिनिटांनीच बुडे. हा योगायोग म्हणायचा. २५ हा आकडा एडीएचडीसाठी ठरवलेला नाही. सुरुवातच होत नसेल तर १० मिनिटेही पुष्कळ झाली. उलट, काम रंगात आलेले असताना घंटेने तंद्री मोडली की पुन्हा बसायला तासभर लागतो, अशी तक्रार अनेकजण करतात आणि ती रास्त आहे.

नाशिकमध्ये या पद्धतीची खरी कसोटी घरातून निघताना लागते. नाशिकरोडहून सातपूरच्या कारखान्यात जाणारा माणूस ‘वीस मिनिटांत पोचतो’ म्हणतो. द्वारका चौकातली कोंडी, गाडी काढणे, किल्ली शोधणे, गेटवरची पंचिंगची रांग यांतले काहीच त्या विसात धरलेले नसते. इथे आधी स्टॉपवॉच कामी येतो: आठवडाभर दारापासून पंचिंगपर्यंतचा वेळ मोजायचा आणि जो सर्वांत जास्त भरेल तोच खरा धरायचा. मग शिफ्टच्या वेळेपासून उलटे मोजत तीन गजर लावायचे: आवरायला लागण्याचा, चप्पल घालण्याचा आणि दाराबाहेर पडण्याचा. प्रत्येकाचा आवाज निराळा हवा, आणि गजराला नावही द्यावे. नाहीतर तो कशासाठी वाजला हेच आठवत नाही.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच आहे. नोकरी सांभाळून घरी अभ्यास करणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्यांना तासांची घंटा नसते. एडीएचडी असेल तर ही मोकळीकच अडचण होते. टायमर ती घंटा पुरवतो.

साधन कोणते घ्यावे? मोबाइल सर्वांत सोयीचा आणि सर्वांत धोक्याचा: गजर बंद करायला हातात घेतला की रील्समध्ये अर्धा तास जातो. पीळ देऊन लावायचा टायमर किंवा उरलेला वेळ रंगीत चकतीने दाखवणारे घड्याळ बरे. लहान मुलांना आकड्यांपेक्षा आक्रसत जाणारी चकती लवकर कळते. खेळ थांबवण्याआधी पाच मिनिटांची सूचना द्यावी. टायमरची धमकी करू नये, नाहीतर मूल त्याच्या आवाजालाच चिडू लागते. काही आठवड्यांनी कोणताही आवाज अंगवळणी पडतो आणि ऐकूच येईनासा होतो, तेव्हा तो किंवा टायमरची जागा बदलावी लागते.

टायमर औषधांची किंवा वर्तनोपचाराची जागा घेत नाही. मेथिलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटिन ही औषधे भारतात मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मिळतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही.