जुन्या हत्यारांवरचे ठसे: कोणी मारले, कशासाठी

भंगाराच्या भावात मिळालेला रंधा किंवा पाना घासून साफ केला की गंजाखालून बहुधा काहीतरी निघतंच. एखादं नाव, एखादी तारीख, कधी नुसता बाण. मग ठशातला आकडा म्हणजे हत्याराचं वय, असं सरळ धरलं जातं आणि तिथेच गडबड होते. पुढे कोणी जाणकार येऊन वाचेल म्हणून हे ठसे मारलेले नाहीत. कुठे कायद्याने भाग पाडलं, कुठे मालाची पत राखायची होती, तर कुठे चोरीची धास्ती होती. कारण कळलं की ठशावर किती विसंबायचं तेही कळतं.

शेफिल्ड या इंग्लंडमधल्या पोलादी शहरात कटलर्स कंपनी ही कारागिरांची संस्था १६२४ मध्ये कायद्याने उभी राहिली. सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्यांची चिन्हं तिच्याकडे नोंदली जात, म्हणजे एकाने दुसऱ्याचं चिन्ह वापरायची सोय नव्हती. याच शहरात १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून एकसारखा धातू मिळवला. पुढे पटाश्या आणि रंध्यांची पाती या पोलादाची होऊ लागली आणि त्यांवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा येऊ लागला. त्यावरून पातं बिडाचं आहे असा समज करून घेऊ नये. तो उंची पोलादाचा दाखला होता. पोलाद महाग, म्हणून पुष्कळ पात्यांत धारेपुरती पोलादाची पातळ पट्टी आणि बाकी अंग घडीव लोखंडाचं असे. धार लावताना उतारावर दोन धातूंची चकाकी वेगळी दिसते आणि मधे जोडाची रेघ उमटते. हा ठसा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालत राहिला, त्यामुळे नेमका काळ ठरवायला तो फारसा कामाचा नाही.

जुन्या इंग्लिश लाकडी रंध्यांवर नावांची गर्दी असते. पुढच्या टोकावर, लाकडाच्या आडव्या छेदावर, मधोमध नीट मारलेलं नाव बहुधा बनवणाऱ्याचं. बाकीची नावं वाकडीतिकडी, जागा मिळेल तिथे, कधी एकमेकांवर चढलेली. ती मालकांची. सुतार आपली हत्यारं घेऊनच कारखान्यात कामाला जात. हत्यार गेलं तर रोजगारच बुडायचा, म्हणून नाव ठोकून ठेवलेलं बरं. एका रंध्यावर तीन-चार मालक सापडणं काही नवलाचं नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती अमेरिकी तारखांनी. १८४२ च्या कायद्याने पेटंट घेतलेल्या वस्तूवर पेटंटची तारीख घालणं बंधनकारक केलं. म्हणजे ती तारीख पेटंट मिळाल्याची, हत्यार बनल्याची नव्हे. १८६१ पासून पेटंटची मुदत सतरा वर्षांची होती, तेव्हा तीच तारीख वर्षानुवर्षं साच्यात राहायची. स्टॅन्ली या अमेरिकी हत्यार कंपनीने लिओनार्ड बेलीची रंध्यांची पेटंटं १८६९ मध्ये घेतली आणि पुढे तिचे बिडाचे रंधे जगभर पसरले. त्यांच्या तळावर, मुठीच्या पुढे, २५ मार्च १९०२ आणि १९ ऑगस्ट १९०२ या तारखा ओतलेल्या सापडतात. जोडीला १९ एप्रिल १९१० ही तिसरी असेल, तर रंधा १९१० च्या आधीचा असूच शकत नाही. नंतर किती, ते बाकीच्या खुणांवरून काढावं लागतं. गंमत म्हणजे तिन्ही दिवस मंगळवार आहेत. अमेरिकेत पेटंटं मंगळवारीच दिली जातात, त्यामुळे अर्धवट पुसलेला आकडा कॅलेंडर घेऊन जुळवता येतो. १९२७ मध्ये नियम बदलला आणि तारखेऐवजी पेटंट क्रमांक घालायचं ठरलं. दहा लाखावा क्रमांक १९११ मध्ये गेला, म्हणून सात आकडी अमेरिकी क्रमांक त्याआधीचा नाही.

देशाचं नाव हीसुद्धा अशीच भांडणातून आलेली खूण. परदेशी माल इंग्लिश म्हणून खपवला जातो, या तक्रारीवरून ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर उगमदेश लिहिणं सक्तीचं केलं. अंमल १८९१ पासून. ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असा ठसा दिसला की साधारण त्यानंतरचा काळ धरायला हरकत नाही. पण देशाचं नाव नाही म्हणून हत्यार त्याआधीचं, हा उलटा तर्क चालत नाही. जिथे बनलं तिथेच विकायच्या मालावर ते लिहायची गरजच नव्हती.

रुंद टोकाचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. लष्करी सामानावर त्याच्याजवळ वर्षही असतं, आणि या साऱ्या आकड्यांत माझा सर्वांत जास्त भरवसा त्या वर्षावर आहे, कारण ते पेटंटचं नव्हे, पुरवठ्याच्या काळाचं असतं.

पान्यांचं गणित निराळं. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश अभियंत्याने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण मांडलं आणि ब्रिटिश पान्यांवर बोल्टची जाडी लिहायची रीत पडली. त्यामुळे ‘अर्धा डब्ल्यू’ (डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ) लिहिलेल्या पान्याचा जबडा अर्धा इंच नव्हे, सुमारे ०.९२ इंच उघडा असतो. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला नटांचं माप एक पायरी घटवलं. दोन-दोन आकडे असलेले पाने त्या घोळातून आले. फुलीच्या खाचेचा स्क्रू ड्रायव्हर असेल तर तो १९३० च्या दशकाआधीचा नाही, कारण हेन्री फिलिप्सची पेटंटं १९३६ ची.

ठसा खरा, पण तो कोणत्या भागावरचा आहे हेही पाहावं लागतं. पाती झिजतात, बदलली जातात. १९२० च्या दशकातलं, बदामाच्या चिन्हाचं स्टॅन्लीचं पातं त्याहून जुन्या रंध्यात बसलेलं सर्रास आढळतं. विकणाऱ्याने फसवलंच असेल असं नाही, पूर्वीच्या एखाद्या सुताराने गरजेपोटी ते घातलेलं असतं.

आणि पुष्कळ हत्यारांवर काहीच नसतं. लोहाराने ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी घडवलेल्या वाकसाला ना पेटंट होतं, ना जकात. अशा वेळी दांड्याच्या भोकाच्या आत बोट फिरवावं. लोखंड वळवून सांधल्याची शिवण, घणाचे अर्धवट घासलेले चट्टे, दोन बाजूंच्या जाडीतला फरक, एवढ्यावरच काम भागवायचं.