उत्पादन शुल्क बाटलीत, व्हॅट बिलात

सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या परमिट रूममध्ये बिल आलं की कुणीतरी म्हणतोच, "सरकारनं एक्साईज वाढवली बे, बिअर परवडंना आता." शेजारचं टेबल मान डोलावतं, वेटर डोलावतो आणि गल्ल्यावरचे मालक सगळ्यांत जोरात डोलावतात. मी सेल्स टॅक्सची रिटर्न भरून पोट भरणारा माणूस. पण रंगलेल्या बैठकीत हिशेब काढून बसणारा कुणालाच आवडत नाही, म्हणून बरेच दिवस गप्प बसलो. आता लिहितोच.

जीएसटी तुम्हाला पाठ आहे, तो आधी बाजूला काढू. पिण्याच्या दारूवर जीएसटी लागत नाही. 1 जुलै 2017 ला तो आला तेव्हाच दारू बाहेर ठेवली होती. बिलात 5 टक्के दिसतात ते तुमच्या चिकन मसाल्याचे, अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे. खरा घोळ होतो तो उत्पादन शुल्क, म्हणजे आपली एक्साईज, आणि व्हॅट या दोघांत. दोन्ही राज्याचे, दोन्ही दारूवरचे, म्हणून लोक दोघांना एकाच पोत्यात कोंबतात.

उत्पादन शुल्क बाटली कारखान्यातून बाहेर पडतानाच वसूल होतं. तुम्ही ती बिअर शॉपमधून घ्या नाहीतर एसीत बसून प्या, त्या शुल्काला काही फरक पडत नाही. ते छापील किमतीत आधीच मुरलेलं असतं आणि बिलावर वेगळं कधीच दिसत नाही. "बिलात एक्साईज लावली" असं कुणी म्हणालं की मी बिल मागतो. आजवर एकानेही ती ओळ दाखवलेली नाही.

व्हॅट हा विक्रीवरचा कर. दुकानात तोही छापील किमतीतच धरलेला असतो. पण परमिट रूम तुम्हाला पुन्हा विकते, तेव्हा तिच्या विक्रीवर तो आणखी एकदा बसतो. हा दुसरा थर आधी 5 टक्के होता, 1 नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्के झाला. आणि लोक नेमके अडखळतात ते इथे: हे 10 टक्के छापील किमतीवर नसतात, मालकाने लावलेल्या रेटवर असतात.

समजा बाटलीवर 200 छापलंय आणि रेट कार्डावर 280 आहे. जुना व्हॅट 14 रुपये, बाटली 294 ला पडायची. नवा व्हॅट 28, म्हणजे 308. फरक 14 रुपयांचा, जेमतेम पावणेपाच टक्के. व्हॅट दुप्पट झाला हे खरं, पण त्याने बिल दुप्पट होत नाही. आता मालकाने त्याच निमित्ताने रेट 320 केला, तर व्हॅट 32 आणि बाटली 352. आधीच्या 294 पेक्षा 58 रुपये जास्त. त्यातले 40 मालकाचे आणि 18 सरकारचे, पण शिव्या मात्र सगळ्या 58 रुपयांच्या सरकारलाच बसतात. मला सरकारचा पुळका नाही, हिशेब चुकला की डोकं उठतं एवढंच.

दोघांतलं नातंही एकतर्फी आहे. उत्पादन शुल्क वाढलं की छापील किंमत वाढते, तिच्यामागे रेट आणि रेटवरचा व्हॅटही. म्हणजे करावर कर. उलट्या बाजूने तसं होत नाही. परमिट रूमचा व्हॅट कितीही वाढवा, बाटलीवरचा आकडा जागचा हलत नाही. म्हणून बाटली उचलून लेबल बघा. आकडा तोच असेल तर एक्साईजला उगाच बोल लावू नका. आकडा वाढलेला असेल तर मात्र लगेच निकाल देऊ नका, कारखानदारही आपल्या मर्जीने किंमत वाढवतात.

आता जून 2025 ची गोष्ट. राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या 3 पटीवरून 4.5 पट केलं. (4.5 पट म्हणजे बाटली साडेचारपट महाग, असंही एकाने मला ऐकवलं. नमस्कार केला.) ती वाढ व्हिस्की-रमची. बिअर आणि वाइन त्यातून वगळली होती. पण बातम्यांत मथळा आला 'दारू महागली', आणि आपल्याकडे पाटीवर 'देशी-विदेशी' असलं की बिअरही त्यातच आली. त्या आठवड्यात स्ट्राँग बिअरचा रेट वाढवून "एक्साईज, सायेब" म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी आदेश वाचला होता, देव जाणे.

मालकांची बाजू खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. व्हॅट दुप्पट, त्या वर्षी परवान्याच्या फीमध्ये 15 टक्के वाढ, त्यात विदेशी मद्यावरचं शुल्क. या सगळ्याविरुद्ध 14 जुलै 2025 ला राज्यभरातल्या बारवाल्यांनी बंद पाळला. सोलापूरच्या मे महिन्यात एसी आणि फ्रीज चालवून लाइट बिल भरणं काय असतं, हे आम्हालाही कळतं. छापील किमतीपेक्षा जास्त का घेता, हे भांडण बिअर शॉपवर घाला, तिथे तो तुमचा हक्क आहे. परमिट रूमला तो नियम लागू होत नाही. तिथे खुर्ची, बर्फ आणि वेटरचे पैसे रेटमध्येच असतात. त्यामुळे मालकांनी रेट वाढवला तर बिनधास्त सांगावं, आम्ही वाढवला. सर्व्हिस चार्जचं तर बोलूच नका, तो कर नाहीच. नको असेल तर काढायला सांगा, सक्ती करता येत नाही.

मागच्या महिन्यात चौघे बसलो होतो. दोन बाटल्या 560, व्हॅट 56, जेवण 340. बेरीज 956, आणि खाली 5 टक्के जीएसटी सरसकट 45 रुपये! म्हणजे बिअरवर व्हॅट, वर जीएसटी. व्हॅटचे 56 रुपये तेवढे निदान सुटले होते. 340 वर हवे होते 17. मी बिलामागेच आकडे मांडून दाखवले. मॅनेजर म्हणाला, "सायेब, मशीनच तसं काढतंय." म्हटलं, मशीनला सांगा 28 रुपये परत द्यायला. दिले. 20 ची नोट, 5 चं नाणं, आणि 3 रुपये सुटे नाहीत म्हणून बडीशेपेच्या वाटीत तीन गोळ्या.